अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

सभा चारला होती, आणि पावणेचारपासूनच स्मिता धुमाळ बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या मांडून बसली होती. एक स्वतःला, एक नूरीला. मध्ये टेबल, टेबलावर पाण्याचे दोन ग्लास, वर झाकणं. नूरी आणि ती जूनपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, तेव्हा दुसऱ्या ग्लासावरचं झाकण आज निघेल की तसंच राहील, हे सांगणं कठीण होतं.

तसंच राहिलं, तर कंपनी गोत्यात येणार होती. आणि कंपनीपेक्षाही एक गोष्ट कायमची गेली असं समजावं लागणार होतं. त्या गोष्टीचं नाव स्मिता मनातसुद्धा घेत नव्हती.

कंपनी म्हणजे 'दोन सुया सेफ्टी वेअर प्रायव्हेट लिमिटेड'. नाव ऐकून लोकांना वाटायचं, भोंगा वाजत असेल, गेटवर गुरखा असेल. प्रत्यक्षात दोन डायरेक्टर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मशिनं आणि नामा नावाचे एक कटिंग मास्तर, एवढाच पसारा. शिलाईचा गाळा तळोज्याला, नूरी मुकादमच्या घरामागे. आणि नोंदणीकृत कार्यालय म्हणजे कोपरखैरण्यातली स्मिताच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची ही बाहेरची खोली. गणपतीत इथं मखर बसायचं, तेव्हा नोंदणीकृत कार्यालय पाच दिवस स्वयंपाकघरात जायचं.

दोघींची ओळख तुर्भ्याच्या एका कपड्याच्या युनिटमधली. शेजारशेजारची मशिनं, एकच डब्याची वेळ. युनिट बंद पडलं तेव्हा दोघी मिळून कामगारांचे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे बॉयलर सूट आणि एप्रन शिवायला लागल्या. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांना ते नेहमी लागतात. माल चांगला होता. पण एका कारखान्याचे खरेदी अधिकारी म्हणाले, "बाई, शिलाई फर्स्ट क्लास. पण आम्ही घरगुती मंडळींकडून माल घेत नाही. कंपनी काढा आणि या."

काढली. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी स्मितानं ते फ्रेम केलं, हळदकुंकू लावलं. नूरीनं शीरखुर्मा आणला. दोघींना वाटलं, बारसं झालं, नाव ठेवलं, आता काय, वाढेल आपसूक.

मग क्षिप्राचा फोन आला. क्षिप्रा म्हणजे कंपन्यांचे कायद्याचे कागद बघणारी वाशीची कंपनी सेक्रेटरी. वयानं स्मिताच्या भाचीएवढी, आवाजानं मुख्याध्यापिका.

"अभिनंदन, मॅडम. आता ऑडिटर नेमायचाय. बाहेर पाटी लावायचीय. डायरेक्टरांच्या मीटिंगा घ्यायच्या, मिनिट्स लिहायची. दर वर्षी हिशेब मंजूर करून सप्टेंबर संपायच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, आणि मग ते सगळं सरकारकडे फाईल."

"दर वर्षी?" स्मितानं विचारलं होतं.

"कंपनी आहे तोवर."

"आणि नाही केलं तर?"

"आधी दंड. मग अजून दंड. तीन वर्षं काहीच फाईल नाही केलं, तर तुम्ही दोघी पाच वर्षं कुठल्याच कंपनीत डायरेक्टर राहू शकत नाही. आणि कंपनीचं नावच रजिस्टरमधून काढून टाकू शकतात."

स्मितानं फोन ठेवला आणि नूरीला म्हणाली, "अगं, हे तर विरजण आहे. रोज थोडं बाजूला काढून ठेवायचं. एक दिवस विसरलं की दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दारात वाटी घेऊन उभं राहायचं."

"मग इसरायचं नाय," नूरी म्हणाली होती. तिचं बोलणं नेहमी असंच, एका टाक्यात शिवून मोकळं.

दोन वर्षं विसरल्याही नाहीत. पाटीवरून सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ यांच्याशी महिनाभर लढाई झाली. निवासी इमारतीत कंपनीची पाटी म्हणजे उद्या गेटवर ट्रक, असं त्यांचं म्हणणं. शेवटी घरनंबराच्या पाटीपेक्षा जरा मोठी, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत नाव असलेली पाटी दाराबाहेर लागली. तिचा एक स्क्रू पहिल्या दिवसापासून ढिला होता. दार आपटलं की ती खुळखुळायची. नूरी आली की बेल न वाजवता आधी ओढणीच्या टोकानं पाटी पुसायची, आणि त्या खुळखुळीवरून आत स्मिताला कळायचं की डायरेक्टर आल्या.

जूनपासून पाटीवर धूळ होती. पाटी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, पुसणं नाही.

जूनमध्ये झालं ते एका वाक्यात सांगता येईल इतकं लहान होतं. बॉयलर सूटला गुडघ्यावर दुहेरी शिलाई लागते. त्यासाठी दोन सुयांचं मशीन असतं. त्यातला एक दोरा तुटला तर मशीन थांबत नाही, दुसरी सुई निमूट पुढे शिवत जाते. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि माल एकेरी शिलाईचा गेला. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरनं तो परत केला, दोघींना समोर बसवून. आणि स्मिता पटकन बोलून गेली, "शिलाईचं नूरी बघते हो. मी ऑफिसचं बघते."

बस. एवढंच.

बाहेर आल्यावर नूरी रिक्षात बसता बसता म्हणाली, "सही करताना आपन दोगी. आनि चूक निंगाली की नूरी?" आणि रिक्षा गेली. त्यानंतर तिनं स्मिताचा नंबर ब्लॉक केला. माल पुन्हा शिवून वेळेत गेला, काम चालू राहिलं, पण सगळे निरोप नामा मास्तरांच्या तोंडून. मास्तर बिचारे दोन्हीकडचं ऐकून घेत. एकदा मात्र म्हणाले, "ताई, मी कापड कापतो. ह्ये दोगींच्या मधलं कापत बसायचं काम मला देऊ नका."

स्मितानं माफी मागायचं मनात आणलं नाही असं नाही. पण पहिले आठ दिवस तिला वाटलं, एवढं काय त्यात. पुढचे पंधरा दिवस वाटलं, ब्लॉक तिनं केलंय, आता तिनंच काढावं. आणि महिना उलटल्यावर माफीचंही दुधासारखं होतं. वेळेत न दिलेली फाटून जाते, मग ती कुणाच्या हातात द्यायची लाज वाटते.

अशात सप्टेंबर आला. क्षिप्रानं आठवण केली. तळोज्याचा कारखानाही दर वर्षी कंपनीची फाईल झालेली कागदपत्रं बघूनच पुढच्या वर्षाचं काम देई.

"नोटीस मी बनवून पाठवू का?" क्षिप्रानं विचारलं.

"छे गं," स्मिता म्हणाली. "एजीएमची नोटीस मला नवी आहे का? सोसायटीच्या कमिटीत मी कितीतरी वर्षं आहे. सगळ्या नोटिसा मीच टाईप करते."

खरं कारण वेगळं होतं. नूरीला तिनं स्वतः काही लिहावं, अशी एवढी एकच जागा उरली होती. तिनं सोसायटीच्या नोटिशीची फाईल उघडली, वरचं नाव बदललं, तारीख-वेळ घातली, खाली सही केली आणि नामा मास्तरांच्या हाती पाठवली. 'आपण उपस्थित राहावे ही विनंती' हे वाक्य मात्र तिनं तीनदा वाचलं. त्याच्या पुढं काहीतरी लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.

आता चार वाजून गेले होते. बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याची हाक, समोरच्या चहाच्या टपरीवर नेहमीची गर्दी. खुर्ची रिकामी.

दाराशी चपला वाजल्या. स्मिता अर्धी उठली. दिनानाथ होते, हातात पाण्याच्या टँकरचं बिल.

"काय वहिनी, सभा ना तुमची आज? कोरम नाही वाटतं."

"येईल ती."

"नाही आली तर बिघडलं काय? साडेचार होऊ द्या. कोरमअभावी तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घ्यायची. मग कोरम लागत नाही. आपण दरवर्षी काय करतो? साडेदहाला आपण चार टाळकी, अकराला तीच चार टाळकी, आणि सगळे ठराव सर्वानुमते मंजूर."

"हो, ते घातलंय मी नोटिशीत."

"झालं तर मग. एकटीच सूचक, एकटीच अनुमोदक. भांडणच नाही." दिनानाथ हसत जिन्यानं वर गेले.

स्मिताला धीर यायला हवा होता. आला नाही. वेळ जावा म्हणून तिनं नोटिशीची आपली प्रत उघडली आणि पाठवल्यापासून पहिल्यांदा ती खालपर्यंत वाचली.

पहिले विषय ठीक होते. मागील सभेचा वृत्तांत कायम करणे. वार्षिक हिशेब मंजूर करणे. ऑडिटरच्या अहवालाची नोंद घेणे. मग चौथा: 'पदाधिकाऱ्यांचा राजीनामा मंजूर करणे'.

स्मितानं ती ओळ पुन्हा वाचली. हा सोसायटीच्या खजिनदारांचा राजीनामा होता. जागच्या जागी राहून गेला होता. कंपनीत पदाधिकारी दोनच. एक नोटीस पाठवणारी. मग राजीनामा कुणाचा?

पाचवा विषय: 'लिफ्टमधून कुत्रे नेण्याबाबत निर्णय घेणे'.

"अरे देवा," स्मिता मोठ्यानं म्हणाली.

शेवटी नेहमीचं 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय', आणि त्याखाली ठळक अक्षरात ते अर्ध्या तासाचं वाक्य. म्हणजे नूरीच्या हातात काय पडलं होतं? जूनपासून तोंड न दाखवणाऱ्या मैत्रिणीकडून एक टाईप केलेला कागद, की तुझा राजीनामा आम्ही मंजूर करतोय, आणि तू आली नाहीस तरी अर्ध्या तासात आमचं आम्ही उरकू.

कोण येईल असल्या सभेला?

साडेचार झाले. हाताला लागलेली सवय म्हणून तिनं मिनिट्सची वही पुढं ओढली आणि लिहिलं, 'कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी...' आणि पेन थांबलं. समोर झाकलेला ग्लास. आजवरच्या प्रत्येक सभेत नूरी आधी अर्धा ग्लास पाणी प्यायची, मग म्हणायची, "हां, वाच." ते 'हां, वाच' आल्याशिवाय पुढचं वाक्य सुचेचना.

तिनं क्षिप्राला फोन लावला.

"झाली मीटिंग?" क्षिप्रानं विचारलं.

"नूरी आली नाही. अर्धा तास झाला. आता मी एकटीनं घेतली तर चालेल ना? तहकूब म्हणून?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, सोसायटीत..."

"मॅडम, ही सोसायटी नाहीये. कंपनीत कोरम दोन. डायरेक्टरांच्या मीटिंगला दोन, एजीएमला दोन. दोघी हव्यात म्हणजे हव्यात."

"आणि तहकूब?"

"अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर पुढच्या आठवड्यात, त्याच वारी. म्हणजे ऑक्टोबर उजाडला. उशीर, दंड, कारखान्याचं रिन्यूअल लटकलं. आणि पुढच्या आठवड्यात तरी डायरेक्टरांच्या मीटिंगला दोघी लागतीलच. त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या ना."

"ब्लॉक आहे मी."

"मग मी फोन करते त्यांना. तुमच्याकडे उद्याचा, तीस तारखेचा दिवस आहे अजून, नवी वेळ ठरवू, त्यांची संमती घेते मी. पण स्मिता मॅडम, नीट ऐका. त्यांच्याशिवाय तुम्ही काहीही करू शकत नाही. काहीही."

"काहीच नाही?"

"कायद्यानंच नाही."

स्मितानं फोन ठेवला. घाबरायला हवं होतं. दंड, ऑक्टोबर, कारखाना, सगळं समोर दिसत होतं. आणि तरी जूननंतर पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. नूरीशिवाय चालत नाही. किती साधं वाक्य. इतके दिवस तिला म्हणता आलं नव्हतं, आणि ते शेवटी भारताच्या कंपनी कायद्यानं तिच्या वतीनं बोलून टाकलं.

तिनं वहीतली ती अर्धी ओळ खोडली. ठरवलं, उठायचं, रिक्षा करायची, तळोजा. दारात उभं राहायचं. हाकललं तर हाकललं. ती चप्पल शोधायला वाकली, आणि बाहेर पाटी खुळखुळली.

एकदा. थांबून पुन्हा एकदा. दार आपटल्यासारखी नाही. पुसल्यासारखी.

दार उघडंच होतं. नूरी आत आली, काळी पर्स काखेत, ओढणीचं टोक धुळीनं माखलेलं. घामाघूम. खुर्चीत बसली नाही. पर्समधून नोटीस काढून टेबलावर आपटली.

"कधी दिला मी राजीनामा?"

"नूरी..."

"आदी सांग. कधी दिला? मी झोपेत दिला? नामा मास्तरच्या हाती दिला?"

"तो सोसायटीच्या खजिनदारांचा आहे गं! कॉपी करताना राहिला."

"आनि ह्यो कुत्रा?" नूरीनं बोट ठेवलं. "आपल्या कंपनीत दोगीच हाव. त्यातला कुत्रा कोन? मीच ना?"

"नूरी, शपथ..."

"लिफ्ट तरी हाय का गो आपल्या गाळ्याला? पत्र्याचा गाळा, आनि म्हने लिफ्टमदून कुत्रे."

स्मितानं तोंडावर हात धरला. हसू आवरत होती की रडू, तिला तिचंच कळेना. नूरीचा चेहरा अजून तापलेला होता, पण ओठाचा एक कोपरा तिचं ऐकत नव्हता. तो वर गेला. मग दुसराही गेला. आणि मग दोघी इतक्या हसल्या की वरून दिनानाथांनी खिडकीतून "काय झालं?" म्हणून हाक मारली.

"कोरम झाला!" स्मिता ओरडली.

नूरी बसली. झाकण काढून अर्धा ग्लास पाणी प्यायली. ओढणीनं कपाळ पुसलं आणि धुळीचा पट्टा कपाळावर उमटला. स्मितानं तो आपल्या पदरानं पुसला. नूरीनं पुसू दिला.

"खरं सांगू?" नूरी म्हणाली. "कुत्र्याचा विषय वाचला तवाच समजली मी, की हिनं सोसायटीचा कागद छापून धाडलाय. पहिल्या दिवशीच."

"मग एवढी चिडून कशाला आलीस?"

"बिनाकारन कशी येवू? भांडायला तरी कायतरी हवा ना. तू दिलास, मी घेतला."

स्मिता म्हणाली, "उशीर का केलास पण? माझा जीव..."

"उशीर कोनी केला? चारच्या आदीपासून समोर टपरीवर बसलीय मी. दोन चहा झाले. तुजी खिडकी दिसते तिथून." नूरीनं नोटिशीतल्या ठळक ओळीवर नख फिरवलं. "ह्यो लिहिला होतास ना, अर्ध्या तासाने, त्याच ठिकानी. म्हटला बघू तर खरी. अर्धा तास झाला की माज्याबिगर सुरू करते काय."

"वही उघडली होती मी," स्मितानं सांगून टाकलं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "अर्धी ओळ लिहिलीही. पुढं येईना. मग क्षिप्रा म्हणाली, एकटीनं चालतच नाही. तुझ्याशिवाय काही होतच नाही म्हणाली, कायद्यानं."

"बघितला मी. पेन उचललास, ठेवलास. तवाच उठली टपरीवरून. रस्ता वलांडायला येल लागला, गाड्या काय थांबतात?" नूरीनं ग्लास खाली ठेवला. "कायदा बराय म्हनायचा. तुज्यापरीस त्याला जास्त समजते. हां, वाच."

स्मितानं वाचलं. नव्या वेळेला दोघींची संमती नोंदवून आधी डायरेक्टरांची बैठक, मग लगेच एजीएम, कायद्यात बसते तशी संध्याकाळी सहाच्या आत. हिशेब वाचले, नूरीनं दोन ठिकाणी प्रश्न विचारले, एका ठिकाणी स्मिताला उत्तर आलं नाही म्हणून ते नामा मास्तरांना फोन करून विचारलं. मास्तरांना फोनवर दोघींचे आवाज एकदम ऐकू आले तेव्हा ते नुसते "हां... हां..." करत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे आता मी फक्त कापडच कापायचं ना?"

सह्या झाल्या. नूरीची सही नेहमीसारखी, उर्दूत सुरू होऊन मराठीत संपणारी.

"राजीनाम्याचा विषय?" स्मितानं विचारलं.

"रद्द. लिही, कोनीच दिला नाय."

"ऐनवेळचे विषय?"

नूरीनं खुर्ची पुढं ओढली. "हाय एक. लिही. जूनच्या मालात गुडघ्याला एकेरी शिलाई गेली. ती चूक ना नूरीची, ना स्मिताची. ती कंपनीची. आनि यापुढं मशीनचा दोरा तुटला की दुसरी सुई थांबवायची, आनि बाहेरच्या मानसासमोर एकीनं दुसरीचा नाव सांगायचा नाय."

स्मितानं पेन खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "नूरी, मी त्या दिवशी..."

"लिही गो. बोलू नको. बोलतेस तवा तुजा घोटाळा होतो."

स्मितानं लिहिलं. ठरावाखाली सोसायटीच्या सवयीनं ओळ घातली: सूचक, श्रीमती नूरी मुकादम. अनुमोदक, सौ. स्मिता धुमाळ. ठराव सर्वानुमते मंजूर.

क्षिप्राला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "कोरम झाला ना? छान. फोटो पाठवा, आणि पुढच्या वर्षी नोटीस मी बनवणार." कंपनी सेक्रेटरीला यापेक्षा जास्त काही कळू न देणं दोघींनाही बरं वाटलं.

चहा टाकायला स्मिता उठली. "तिसरा चहा होईल तुझा."

"होवू दे. टपरीवरचा पानी होता नुसता." नूरीनं नोटीस पुन्हा उचलली, चष्मा लावला. "पन एक विषय राहिला."

"कुठला?"

"कुत्र्याचा. लिफ्टमदून न्यायचा की नाय, त्यावर निर्नय झाला नाय."

"तो पुढच्या सभेत घेऊ," आतून स्मिता म्हणाली.

"पुडची सभा होनार म्हनजे?"

"न होऊन सांगते कुणाला," स्मिता म्हणाली आणि आधणात आलं किसून टाकलं. "बंधनकारक आहे."